दाराला हात लागला तर

उचगाव
१२ जानेवारी २०२४

चि. निशी,

तुला आण्णाचा आशीर्वाद आणि तुझ्या कंपनीला दोन शिव्या. संक्रांत तीन दिवसांवर आली तरी पोरीला सुट्टी नाही म्हणजे काय?

पत्र का लिहितो म्हणून हसू नकोस. मोबाईलवर तू विचारतेस, "जेवलात का?" मी लिहितो, "हो." याला काय बोलणं म्हणायचं? आणि फोनवर बोलायची तर सोयच उरली नाही. तीस वर्षं फाउंड्रीत ग्राइंडरसमोर उभं राहून ओतीव लोखंड घासलं, त्यानं कान खाल्ले. थोडेफार उरले होते तेही या तीन-चार वर्षांत गेले. तेव्हा पत्रच बरं. पोस्टमनलाही जरा काम राहतं.

तू पाठवलेली डबी पोचली. पेढ्याएवढी आहे. इलाही बघायला आला होता. तो अजून फाउंड्रीत लाकडाचे साचे करतो, सुट्टी झाली की माझ्याकडे येतो. त्यानं पाटीवर लिहिलं, "एवढ्याशा डबीनं चोर धरायचा? पोरगी लई हुशार हाय, पण चोरबी हुशार झाल्यात की." माझ्याशी बोलायचं म्हणजे आता खडू लागतो.

डबी कुठं लावायची आणि आत काय आहे, दोन्ही लिही. यंत्र कळल्याशिवाय त्याला हात लावायची मला सवय नाही.

आण्णा


बेंगळुरू
२१ जानेवारी २०२४

आण्णा,

इथूनच पाया पडते. तिळगूळ मिळाला. वड्या तुम्ही केल्यात हे पहिल्या घासालाच कळलं. दात शाबूत आहेत.

डबी दाराच्या फळीला आतून चिकटवा आणि सोबतचं लोहचुंबक चौकटीला, बरोबर तिच्यासमोर. दार उघडलं की चुंबक लांब जातं आणि डबीला कळतं. शिवाय आत तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा आहे, त्याला हादरा कळतो. कोणी पहार घातली, स्क्रू काढायला गेलं, तर तो ओळखतो. डबीच उचकटायला गेलं तर आत उजेड पडतो, तो तिला कळतो, आणि मरायच्या आधी ती ओरडून घेते. सगळं मनगटी घड्याळात असतो तसल्या एका सेलवर चालतं. वायर नाही. निरोप हवेतून दिवाळीत मी लावलेल्या पांढऱ्या खोक्यात जातो आणि तिथून फोनवर.

निरोप कुलूपबंद असतो. किल्ली फक्त दोन फोनांत आहे, तुमच्या आणि माझ्या. प्रत्येक निरोपाला नंबर असतो. कालचा निरोप चोरून कोणी आज परत पाठवला तर फोन म्हणतो, हा नंबर होऊन गेला, चालता हो.

दहा घरांत चाचणी चालू आहे. अकरावं घर आमच्या प्रमुख पूर्णिमा मॅडमच्या मागे लागून मी तुमचं घातलं. तुम्ही एकटे, त्यात ऐकू येत नाही. पाठीमागून कोणी घरात शिरलं तरी तुम्हाला कळणार नाही, हा विचार डोक्यातून जात नाही.

निशी


उचगाव
११ फेब्रुवारी २०२४

चि. निशी,

तुझी डबी मुकी आहे. पाच दिवस दार उघडलं, लावलं, आपटलं. शेजारची चिमणाबाई विचारून गेली, दार मोडायचं आहे का. फोन ढिम्म.

आता खरं सांगतो. तुझ्या प्लास्टिकच्या डबीवर माझा विश्वास बसेना. नखानं दाबली तर दबते. मी आणि इलाहीनं तिच्यासाठी अॅल्युमिनियमची डबी ओतली. इलाहीनं साचा केला, मी घासून बसवली. झाकणाला आतून ओठ दिला आहे, म्हणजे पातं घालायला फटच सापडत नाही. तुझं यंत्र काढून त्यात ठेवलं. असं काम आता शिरोलीच्या कारखान्यांत कोणी करत नाही. पण तेव्हापासून तिची वाचा गेली आहे. यात काही संबंध आहे का?

आण्णा


बेंगळुरू
२४ फेब्रुवारी २०२४

आण्णा,

संबंध आहे! धातूतून हवेतला निरोप बाहेर पडत नाही. तुम्ही बिचारीला हंड्यात घालून वर झाकण लावलंत आणि विचारताय बोलत का नाही. मी ऑफिसात इतकी हसले की मॅडम बघायला आल्या.

त्यांना तुमच्या डबीचा फोटो दाखवला. त्यांचं हसू थांबलं, म्हणाल्या, हा ओठ आपल्याला का सुचला नाही? आता पुढच्या सगळ्या डब्यांना तो असणार आहे. प्लास्टिकमध्ये, पण तुमचाच. नवी डबी सोबत पाठवली आहे. कृपा करून तिला दागिना घालू नका.

एक गोष्ट लाजत सांगते. जुनी डबी चालू होती त्या आठवड्यात माझ्या फोनवर रोज सकाळी सहा-दहाला यायचं, "दार उघडलं." म्हणजे तुम्ही दूध घेताय. साडेसातला परत, म्हणजे देवाला फुलं आणायला निघालात. मी इथं बसथांब्यावर उभी आणि डोळ्यांपुढे आपली पायरी, तुमच्या चपला. सुरक्षेसाठी केलेलं यंत्र मी घरची आठवण काढायला वापरते. कोणाला सांगू नका.

नव्या डबीत हादऱ्यांचे तीन खाने केलेत. उघडणं, फोडणं आणि किरकोळ. पहिल्या दोन्हींचा निरोप लगेच येतो. किरकोळ म्हणजे वारा, मांजर, कोणाचा धक्का. त्याची नोंद डबी स्वतःजवळ ठेवते, फोनला त्रास देत नाही. खोट्या निरोपांना लोक कंटाळतात आणि मग खऱ्याकडेही बघत नाहीत.

निशी


उचगाव
३० मार्च २०२४

चि. निशी,

नवी डबी बोलते. दार उघडलं की फोन खिशात थरथरतो, अगदी छातीशी. उत्तम काम.

एक बदल करून दे. दाराला बाहेरून नुसता हात लागला, तरी मला कळलं पाहिजे. कोणी कडी वाजवली, नुसतं टेकलं, तरी. तुझा तो किरकोळ खाना मला नको. तिथलं सगळं मला पाठव. मांजर असो, वारा असो, मी बघून घेईन. मला दुसरं काम काय आहे?

लवकर कर.

आण्णा


बेंगळुरू
७ एप्रिल २०२४

आण्णा,

तसं केलं तर तुमचा फोन दिवसातून पन्नास वेळा थरथरेल. दोन दिवसांत तुम्हीच डबी काढून विहिरीत टाकाल.

आणि कडी वाजवणार कोण? दूधवाला, इलाहीकाका, चिमणाबाई, सगळ्यांना तुमच्या कानांचं माहीत आहे, ते खिडकीशी येऊन हात हलवतात. दिवा लागणारी बेल मी मागेच बसवून दिली होती, ती तुम्ही काढून ठेवलीत. म्हणालात, गावाकडचं माणूस बेल दाबत नसतं.

कोणाची भीती वाटते का? कोणी दारात येऊन गेलं असं वाटतं का? मनात असेल ते सांगा. मी इलाहीकाकांना फोन करून तुमच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आहे. रागावू नका.

आतापर्यंत अकरा घरांत एकही खोटा निरोप नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. यंत्रावर विश्वास ठेवा.

निशी


उचगाव
२६ मे २०२४

चि. निशी,

दीड महिना उत्तर दिलं नाही, कारण रागावलो होतो. इलाहीनं पाटीवर लिहिलं, "बाळासो, तुला भास हुत्यात काय?" मी पाटी हिसकावून घेतली. गडी आठ दिवस आला नाही. मग मीच गेलो त्याच्याकडे. नजीरावहिनींनी चहा ठेवला आणि मिटलं.

मला भास होत नाहीत. भीतीही नाही. चोर आला तर काय नेईल, माझी पाटी?

मला अमर पाहिजे.

परवा तुझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशी अमर मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेलेला, फोन बंद. आईला अग्नी पुतण्यानं दिला. तो आला तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन दारात पाय धूत होतो. सगळ्या भावकीसमोर मी त्याला म्हणालो, "ह्या दाराला परत हात लावायचा न्हाय." तू तिथंच होतीस. तो लहानपणापासून माझी एक गोष्ट ऐकायचा नाही. ही ऐकली.

आपल्यात रुसून गेलेलं माणूस आपणहून उंबरा ओलांडत नाही. आतून कोणीतरी "ये" म्हणावं लागतं. माझ्या बापाला त्याच्या बापानं असंच बोलावून घेतलं होतं. अमर आला तर कडी वाजवेल आणि उभा राहील. मला ऐकू यायचं नाही. तो किती वेळ उभा राहील, निशे? दार उघडं टाकून बसतो, तरी तो उघड्या दाराचीच कडी वाजवणार, आणि मी पाठमोरा असलो तर? दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. पण माणूस आंघोळीला जातो, जेवतो, दुपारी डोळा लागतो. ऊन आलं की दार लावावं लागतं.

तुला हे आधी सांगितलं नाही, कारण कोणत्या तोंडानं सांगू? शब्द माझाच होता.

आण्णा


बेंगळुरू
२ जून २०२४

दादा,

तुझा स्वतःचा नंबर तू कधी दिला नाहीस. दर नागपंचमीला कोणाच्या तरी फोनवरून बोलतोस, आणि आण्णांचं नाव काढलं तर फोन ठेवीन ही तुझी अट. मी सहा वर्षं पाळली. म्हणून हे पत्र, तू एकदा सांगितलेल्या ट्रान्सपोर्टच्या पत्त्यावर. पत्र फोनसारखं मधेच ठेवता येत नाही. पुढचं वाच.

आण्णांना ऐकू येत नाही. अजिबात. तू गेलास तेव्हा मोठ्यानं बोललं की यायचं, आता तेही नाही.

त्यांच्या दारावर मी एक यंत्र बसवलं आहे. दाराला काही झालं की ते टिपून ठेवतं. काल मी सगळी नोंद काढून वाचली. २१ एप्रिल, रविवार, दुपारी तीन चाळीस. कडी पाच वेळा. मग दोन मिनिटं काही नाही. मग पुन्हा चार वेळा, जास्त जोरात. नऊ मिनिटांनी दाराला हलका भार, कोणी तळहात टेकवावा तसा. त्यानंतर काही नाही. गावात सगळ्यांना आण्णांच्या कानांचं माहीत आहे. त्यांच्या दाराची कडी वाजवणारं उचगावात आता कोणी उरलेलं नाही.

तू होतास का?

हे सगळं यंत्रानं मला त्याच दिवशी सांगितलं असतं. मीच त्याला सांगू नको म्हणून शिकवलं होतं. त्या खान्याला मी किरकोळ असं नाव दिलं होतं.

निशी


हुबळी
२० जून २०२४

निशे,

मीच होतो.

पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर वाचून घे. मी आता ट्रकवर आहे, हुबळी ते पुणे. दर आठवड्याला उचगावच्या पुलावरनं जातो. घर दिसत नाही, पण पाण्याची टाकी दिसते. तिथं आल्यावर तीनदा हॉर्न मारतो. माझा क्लीनर हसतो, मोकळ्या रस्त्यावर कुणाला वाजवता म्हणून. मला वाटायचं म्हाताऱ्याला ऐकू जात असेल. ओळखत असेल, नसेल, पण ऐकू जात असेल.

त्या रविवारी माल उतरायला वेळ होता. गाडी पंपावर लावली आणि चालत गेलो. खिडकीतनं आण्णा दिसले. माझ्याकडे पाठ करून बसले होते, हातात कानस, काहीतरी घासत होते. मी कडी वाजवली. मान हलली नाही. परत वाजवली, जोरात. नाही. चालू कारखान्यात ग्राइंडरचा आवाज बदलला तर ह्या टोकाहून त्या टोकाला ओळखणारा माणूस. मी मनात म्हणालो, त्यांनी ऐकलंय, पण वळायचं नाही. दाराला हात लावू नको म्हणालेले, आणि मी हात लावला होता. शिवी दिली नाही हेच पुष्कळ, असं समजून निघालो. त्या दिवसापासून पुलावर हॉर्न मारला नाही.

तुझं पत्र गाडीत दहा वेळा वाचलं. धारवाडला रस्त्याकडेला गाडी थांबवून बसलो. क्लीनर घाबरला.

येतो म्हणत नाही. मला परत एकदा त्या पाठीकडे बघायचं धाडस होत नाही.

अमर


बेंगळुरू
२७ जून २०२४

आण्णा,

पाया पडते, आणि या वेळी माफी मागायला पडते.

तुम्ही डबीत तो बदल का मागत होतात ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तुम्ही घाबरलात. तुमच्या दाराशी दादा येऊन गेला. २१ एप्रिलला, दुपारी. त्याचं पत्र सोबत ठेवलं आहे, म्हणून मी जास्त लिहीत नाही. सावकाश वाचा. इलाहीकाकांना शेजारी बसवून वाचा.

दुसरी गोष्ट. दादा मला दर वर्षी फोन करत होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. त्याला वचन दिलं होतं. तुम्ही विचारलंत की मी म्हणायचे, काही कळत नाही. सहा वर्षं तुमच्याशी खोटं बोलले.

तुमच्या डबीचा प्रोग्रॅम मी काल बदलला. मॅडम म्हणाल्या, एका घरासाठी वेगळा कसा ठेवायचा? मी म्हणाले, मग नोकरीच वेगळी शोधते. आता दाराला बोट लागलं तरी तुमचा फोन थरथरेल. पन्नास वेळा उठावं लागलं तर उठा. दादाला मी परत लिहिलं आहे. तो येईल का, मला माहीत नाही.

निशी


उचगाव
२९ जुलै २०२४

चि. निशी,

तुझ्या पत्राला महिना झाला. आधी रागावलो. दोन दिवस त्या पाकिटाकडे बघितलं नाही. मग वाटलं, मी नाही तरी कोणीतरी त्याच्याशी बोलत होतं, हे बरंच झालं. तेव्हा माफी राहू दे.

हॉर्नचं वाचलं आणि रिक्षा करून पुलावर गेलो. रोज चार ते सहा कठड्याशी उभा राहायचो. ट्रक जातात, पण कोणता वाजवतो आणि कोणता नाही, मला काय कळणार? पोलिसानं दोनदा हटकलं, "पावणं, हितं काय करतायसा?" मग इलाहीनं समजावलं, तो दारात आला आणि तू पुलावर असलास तर? म्हणून घरी बसलो.

डबीनं मात्र जीव नकोसा केला. वारा आला, थरथर. चिमणाबाईच्या नातवंडांचा चेंडू, थरथर. प्रत्येक वेळी उठलो, दार उघडलं, "ये" म्हणालो. एकदा शेळी होती. तिलाही म्हणालो. ती आत आली आणि देवाची फुलं खाऊन गेली.

काल रविवारी भाकरी खात होतो. फोन थरथरला. म्हटलं शेळीच. हात धुतला नाही, तसाच उठलो.

अमर होता.

केस पिकायला लागलेत त्याचे, निशे. दाढीत पण पांढरं आहे. एक पाय पायरीवर, एक खाली, म्हणजे कधीही माघारी फिरायला तयार. मी "ये" म्हणालो. किती मोठ्यानं म्हणालो ते मला सांगता यायचं नाही, पण चिमणाबाई हातातला पोळपाट घेऊन बाहेर आली. त्यानं उंबऱ्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि आत आला. माझ्या उष्ट्या ताटातच जेवला. वाढू का विचारलं तर मान हलवली.

पाटीवर खूप लिहिलं त्यानं. खडू संपला, इलाहीनं दुसरा आणला. बायको हुबळीची आहे, तुला माहीत असेल. पोरगी तीन वर्षांची. नाव तुझ्या आईचं ठेवलं आहे. दसऱ्याला दोघींना घेऊन येतो म्हणतो. आता आतल्या खोलीत झोपला आहे. तो उठायच्या आत हे लिहून घेतो, कारण एक विचारायचं आहे आणि ते त्याला विचारता येत नाही.

लिहिता लिहिता तो बोलतही होता. सवय नाही त्याला, विसरतो. मी तोंडाकडे बघत होतो. ओठ हलतात ते दिसतं, मधेच हसला तेही दिसलं. पण माझ्याजवळ त्याचा शेवटचा आवाज आहे तो सहा वर्षांपूर्वीचा, दारातला, रडतानाचा. दुसरा नाही. आता होणारही नाही.

तू ऐकला आहेस. कसा झालाय गं त्याचा आवाज? माझ्यासारखा जाड झालाय, का अजून तुझ्या आईसारखा खाली पडतो? "आण्णा" म्हणताना कसं म्हणतो? फोनवर लिहू नकोस, तिथं दोन शब्दांत उरकतेस. पत्र लिही. मोठं लिही.

आण्णा